गाळलेले दोन अध्याय

ताईच्या उजव्या हाताच्या बोटांवर पहिला पांढरा ठिपका उठला तेव्हा तिला वाटलं, मैदाच असेल. बेकरी चालवणाऱ्या बाईच्या हाताला दिवसभर काही ना काही चिकटलेलंच असतं. संध्याकाळी तिने साबण लावून हात खसाखसा धुतले. ठिपका तिथंच राहिला. महिन्याभरात त्याच्या शेजारी आणखी दोन आले, मग डाव्या हाताच्या अंगठ्याला एक. तेव्हा कुठे ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "कोड आहे. वाढेल, थांबेल, काही सांगता येत नाही. मलम देते. अपाय काही नाही."

"पीठ मळू का?" ताईला तेवढंच विचारायचं होतं.

"खुशाल मळा. स्पर्शाने लागत नाही ते. पिठालाही नाही आणि खाणाऱ्यालाही नाही."

ताईचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन तिने मलम लावलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी भट्टी पेटवली.

बेकरी तिच्या वडिलांची. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ अजून शाळेत होता, आणि आई त्याच्याही आधी गेलेली. भावाला शिकवता शिकवता, पाव भाजता भाजता ताईच्या लग्नाचं राहूनच गेलं. त्याचं तिला फार वाईट वाटायचं असं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, "भट्टीशी लग्न लागलंय माझं. रुसली तर सकाळी पेटत नाही, एवढाच काय तो त्रास." भावाने धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि त्याच गावच्या चर्चच्या मंडळीचा तो पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाला. त्या दिवसापासून प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून खायची, भाकर ताईच्या बेकरीतून जायची. मैदा, तेल, मीठ, पाणी. यीस्ट नाही, साखर नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती स्वतः पांढऱ्या कापडाखाली ताट घेऊन मधल्या वाटेने पुढे जायची, मेजावर ठेवायची, आणि भाऊ ती भाकर सगळ्यांसमोर मोडायचा. मोडताना कडकन आवाज आला पाहिजे, यावर तिचा कटाक्ष. आवाज आला नाही तर घरी आल्यावर स्वतःवरच चिडायची.

त्या वर्षी भाचीचं, म्हणजे भावाच्या मुलीचं, लग्न ठरायच्या बेतात होतं. मुलगा चांगला, शेजारच्या शहरातला, पुलांची कामं करणारा. त्याच्या घरचे एका रविवारी उपासनेला येणार, मग जेवण, मग बोलणी, असं घाटत होतं. आणि एका दुपारी, गिऱ्हाईक नसलेली वेळ बघून, वहिनी बेकरीत आली.

"ताई, एक सांगायचं होतं." तिची नजर काउंटरवर, बरण्यांवर, वजनकाट्यावर, सगळीकडे फिरत होती. "या महिन्यापासून भाकरीचं तुम्ही नका बघू. कमिटीने तयार पाकिटं मागवलीत. पातळ चकत्या असतात. हल्ली सगळीकडे त्याच वापरतात."

"माझ्या भाकरीत काही कमी-जास्त झालं का?"

"छे हो! तुम्हाला दगदग नको म्हणून."

ताईने काउंटरवरचे हात हळूच मागे घेतले. ते घेतले मात्र, आणि वहिनीने सुटकेचा श्वास सोडला. तिला स्वतःला तो कळलाही नसेल, पण ताईला ऐकू आला. पुढे विचारायची काही गरजच उरली नाही.

त्या पहिल्या रविवारी ताई मागच्या बाकावर बसली. चकती तोंडात घातली तर टाळूला चिकटून बसली, लिफाफ्याच्या गोंदासारखी. भाऊ मेजापाशी उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. उपासनेनंतर दारात हस्तांदोलन करतानाही तो शेजारच्या माणसाशी बोलत राहिला आणि तिचा हात त्याने बोटांच्या टोकांनी धरून सोडला. तिला ते फार लागलं. पण भाचीचं लग्न आहे, होऊन जाऊ दे, असं तिने मनाला समजावलं.

बुधवारी संध्याकाळी भाऊ चर्चमागच्या खोलीत अभ्यासवर्ग घ्यायचा. त्या वर्षी त्याने बायबलमधले जुन्या इब्री याजकांचे, म्हणजे पुरोहितांचे, नियम शिकवायला घेतले होते. पाच-पंचवीस माणसं लोखंडी खुर्च्यांवर बसायची. पुढच्या रांगेत मोजणीकाका. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले मंडळीतले हे जुने वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी एक. त्यांना प्रत्येक गोष्टीचं माप लागायचं. वेदी किती लांब, किती रुंद, राख कुठे टाकायची, हे त्यांनी विचारलं नाही असा बुधवार गेला नव्हता. सुरुवातीचे अध्याय बळीच्या जनावरांची चरबी, गुरदे म्हणजे मूत्रपिंडं, आणि रक्त शिंपडण्याचे. मागे बसलेल्या दोघी डुलक्या घ्यायच्या. पण अन्नार्पणाचा भाग आला तेव्हा ताई सावरून बसली होती. सपीठ, तेल, मीठ. खमीर नको, मध नको. 'अरेच्चा,' तिला वाटलं होतं, 'हे तर आपलंच माप की.' आपण इतकी वर्षं काय करतोय हे कुणीतरी फार पूर्वीच ठरवून ठेवलंय, याची तिला गंमत वाटली होती. तेव्हा बोटं अजून स्वच्छ होती.

आता वर्ग कुठले प्राणी खावेत आणि कुठले नाहीत इथवर आला होता. तो भाग संपला. भावाने पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि घसा खाकरून म्हणाला, "पुढचे दोन अध्याय त्वचेच्या रोगांबद्दल आहेत. फार किचकट आहेत, आपल्या उपयोगाचंही त्यात विशेष नाही. ते गाळून आपण पुढे जाऊ."

खोलीत एकही मान वळली नाही. सगळेजण आपापल्या पुस्तकात इतके डोकं खुपसून बसले की ताईला वाटलं, यापेक्षा वळून बघितलं असतं तर बरं. मोजणीकाकांनीसुद्धा काही विचारलं नाही. काका गप्प बसले, म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावांची शेवटची खेप निघाल्यावर ताईने शटर अर्धं ओढलं आणि पिठाच्या पोत्यावर बसून ते दोन अध्याय वाचले. हळूहळू, ओळीखाली बोट धरून. वाचता वाचता एकदा तिला हसू फुटलं. एकदा ती उठून पाणी प्यायली आणि परत तीच ओळ वाचली. मग तिने एप्रन काढला, शटर पूर्ण ओढलं आणि भावाच्या घरी निघाली.

भाऊ जेवणाच्या मेजावर रविवारच्या उपदेशाची तयारी करत होता. वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ताईने चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच विचारलं, "ते दोन अध्याय का गाळलेस?"

"ताई, बसा ना आधी. चहा टाकते," वहिनी म्हणाली.

"चहा नको. याला विचारतेय मी."

भावाने पेन खाली ठेवलं. "किचकट आहेत गं. लोक कंटाळतात."

"बैलाच्या गुरद्यांना कंटाळले नाहीत ते! मी वाचले दोन्ही. माझ्यासारखीला कळले. त्यात लिहिलंय, पुरुषाला किंवा बाईला अंगावर फिकट पांढरे डाग असतील तर ते नुसते डाग आहेत, माणूस शुद्ध आहे. स्वच्छ लिहिलंय. तुला माहीत होतं?"

त्याने समोरची वही मिटली.

"माहीत होतं का ते सांग."

"होतं."

"आणि आणखी एक. सगळं अंग डोक्यापासून पायापर्यंत पांढरं झालं तरी तो शुद्धच म्हणे. म्हणजे माझं अर्धवट आहे हीच अडचण दिसतेय. पूर्ण पांढरी झाले की कळवते, भाकर घेऊन येते!"

हे ती हसत म्हणाली, पण शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. वहिनी हातातला टॉवेल तसाच धरून उभी होती.

"मला भाकरीचं नाही रे एवढं," ताई म्हणाली. "चकत्या द्या, बिस्किटं द्या. पण त्या पुस्तकात त्या याजकाचं कामच काय लिहिलंय? बघणं. माणूस आला की त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. शंका असली तर सात दिवसांनी परत बघायचं. शेजारीण म्हणते, कमिटी म्हणते, असं तिथं चालत नाही. तू एकदा तरी बघितलेस माझे हात? एकदा?"

भाऊ उठला, खिडकीचा पडदा त्याने बाजूला केला आणि म्हणाला, "ये इकडे. उजेडात ये."

तिने हात पुढे केले. त्याने ते आपल्या हातांवर घेतले, उलटे केले, सुलटे केले, एकेक बोट बघितलं. अंगठ्याजवळ भट्टीच्या ट्रेने भाजल्याची जुनी खूण होती, ती त्याच्या शाळेच्या दिवसांतली. त्या खुणेवरून त्याने अंगठा फिरवला.

"आईच्या पावलांवर असंच होतं," तो हळू म्हणाला. "म्हणून ती उन्हाळ्यातसुद्धा मोजे काढायची नाही."

"काय?" वहिनीच्या हातातला टॉवेल खाली पडला. "आईंना होतं? म्हणजे हे घराण्यात आहे? आणि इतकी वर्षं मला कुणी बोललं नाही?"

भावाने ताईचे हात सोडले.

"मी काय वाईट आहे का?" वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला ठाऊक आहे लागत नाही ते. मी स्वतः डॉक्टरांना विचारून आले. पण मुलाकडचे येणार, बघणार, म्हणणार की आत्याला आहे, उद्या मुलीला होईल, नातवंडांना होईल. बोलणी होईपर्यंत तरी झाकलेलं राहावं, एवढंच माझ्या मनात होतं. एका पोरीची आई आहे मी, ताई."

ताईला राग तर होता, पण वहिनी खोटं बोलत नव्हती हेही दिसत होतं.

दारातून भाची म्हणाली, "आई, मी त्याला केव्हाच सांगितलंय." ती कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. "आत्याला कोड आहे, म्हटलं. तो म्हणाला, असू दे, मी आईला सांगतो."

"मग? काय म्हणाल्या त्या?"

"अजून सांगितलं नाही त्याने. धीर होत नाहीये."

एवढ्या सगळ्यातही ताईला हसू आलं. "छान! म्हणजे सगळ्यांनीच मूग गिळलेत."

पुढच्या बुधवारी भावाने वर्गात पुस्तक उघडलं आणि म्हणाला, "मागच्या वेळी मी दोन अध्याय गाळले. ते आज घेऊ. ते किचकट म्हणून मी गाळले नव्हते, मी घाबरलो होतो. माझ्या बहिणीच्या हातांवर कोड आहे, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. मी सोडून." मग त्याने वाचायला घेतलं. कुठला डाग, कुठला केस, कुठला रंग, काही सोडलं नाही. मोजणीकाका कमरेत पुढे वाकून ऐकत होते.

"एक लक्षात घ्या," भाऊ म्हणाला, "हा याजक कुणाला बरं करत नाही. औषध नाही, मंत्र नाही. बघायचं आणि बघितलेलं खरं सगळ्यांदेखत सांगायचं, एवढंच त्याच्याकडे. आणि जो छावणीबाहेर, म्हणजे वस्तीबाहेर, काढलेला आहे, तो बरा झाला की त्याने आत येऊन याजकाला शोधायचं नाही. याजकाने उठून छावणीबाहेर जायचं. पहिलं पाऊल याजकाचं."

"मग पुढे?" काकांनी विचारलं.

"पुढे विधी. आधी दोन पक्षी आणायचे. मग रक्त आणि नंतर तेल घ्यायचं, आणि त्या माणसाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला लावायचं. हे आधी कुठे ऐकलंय?"

काकांनी कपाळाला आठ्या घालून विचार केला आणि एकदम हात वर केला. "याजकांच्या दीक्षेला! रक्त असंच लावलं होतं. कान, अंगठा, पायाचा अंगठा."

"तेच. ज्याला बाहेर काढलं होतं त्याला आत घेताना तीच खूण करतात, जी याजकाला करतात. मला हे कॉलेजात शिकवलं होतं, मी परीक्षेतही लिहिलं होतं. पण त्याचा अर्थ काय, याचा विचार मी या आठवड्यात केला."

"पण साहेब," काका म्हणाले, "आपण काही पक्षी आणत नाही, रक्त लावत नाही. आपल्या उपासनेत याचं काय करायचं?"

भाऊ म्हणाला, "आपण म्हणतो की आपला प्रमुख याजक एकच आहे, आणि तो वेशीबाहेर क्रुसावर मेला. आत नाही, बाहेर. बाहेरच्यांना हात लावत लावत तो तिथवर गेला. मग त्याच्या मेजाशी बसून आपणच कुणाला बाहेर ठेवायला लागलो, तर आपण नेमकं कुणाचं मेज मांडतोय, ते मला कळत नाही. मला एवढंच सांगता येतं."

मागून डुलक्या घेणाऱ्यांपैकी एकीने विचारलं, "पण खरंच लागत नाही ना हो?"

"नाही," ताई स्वतःच म्हणाली. "माझी भट्टी चटके देते, तेवढेच काय ते लागतात." लोक हसले. काहीजण हसले नाहीत.

पहिला रविवार आला. या वेळी चकत्या नाहीत, भाकर तूच आण, असं भावाने ताईला सांगितलं होतं. मुलाकडचे त्याच रविवारी येणार होते. ताई सकाळी भाकर ताटात ठेवत होती तेव्हा वहिनी बेकरीच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात पिशवी, पिशवीत पांढऱ्या कापडाचे नवे हातमोजे.

"वाटलं तर घाला," ती म्हणाली. "मी जबरदस्ती करत नाही."

ताईने मोजे हातात घेतले, कापड चाचपून पाहिलं. "फारच पातळ आहेत गं. गरम ट्रेलासुद्धा चालायचे नाहीत." आणि तिने ते परत दिले. वहिनीने वाद घातला नाही. उलट ताटावरचं कापड एका बाजूने तिरकं झालं होतं ते तिने नीट केलं, आणि दोघी बरोबरच निघाल्या.

मधल्या वाटेने चालताना ताईला आपलेच हात परक्यासारखे दिसत होते. उघडे, ताटाच्या दोन्ही कडांना धरलेले, खिडकीच्या उजेडात डाग अगदी स्पष्ट. भाऊ मेजामागे थांबला नाही. तो पायऱ्या उतरून खाली आला आणि तिच्या हातून ताट घेतलं. भाकर मोडली. आवाज चांगला कडकन आला. तेवढ्याने तिला धीर आला.

ताट बाकांवरून फिरलं. दोन कुटुंबांनी ते तसंच पुढे सरकवलं. मोजणीकाकांनी तुकडा घेतला. त्यांच्या पत्नीने इतका छोटा घेतला की तो बोटांत धरता आला हेच नवल. मुलाची आई तिसऱ्या बाकावर होती. ताई आत आल्यापासून तिची नजर ताईच्या हातांवरून हलली नव्हती. ताट आलं तेव्हा ती क्षणभर थांबली. मग तिने तुकडा घेतला.

उपासनेनंतर अंगणात ती थेट भावाजवळ आली. नवरा आणि मुलगा मागे.

"पाळकसाहेब, त्या तुमच्या सख्ख्या भगिनी ना?"

"हो."

"हाताला कोड आहे त्यांच्या?"

"आहे. माझ्या आईलाही होतं. मुलीला पुढे होईल की नाही हे मला सांगता येणार नाही. होऊही शकतं. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

मुलगा पायाखालची खडी बघत होता. वहिनीने ओढणीचं टोक मुठीत आवळलं होतं.

"काय म्हणाले?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"कोड आहे म्हणाले!" त्यांची बायको इतक्या मोठ्याने ओरडली की फाटकाजवळची माणसं वळून बघायला लागली. मग ती ओशाळली. आवाज खाली आणून म्हणाली, "यांना डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. उजव्यानेही आता बेताचंच. सासऱ्यांचंही असंच झालं होतं, चाळिशीनंतर. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं?" वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे," ती बाई म्हणाली, "सांगितलं नव्हतं."

आधी भाची हसली. मग ताई. वहिनी हसावं की नाही या विचारात होती तोवर मुलाचे वडील म्हणाले, "काय झालं? कुणी सांगेल का मला?" आणि मग तिलाही आवरेना.

तरी तिथल्या तिथे होकार काही आला नाही. घरी बोलून कळवतो, म्हणाले. आठवडाभर वहिनी ताईशी कामापुरतंच बोलली. मग मुलाच्या आईचा फोन आला की तारीख बघायला हरकत नाही.

भाकर ताईकडेच राहिली. ताट पुढे सरकवणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाने चार-सहा महिन्यांनी ती घ्यायला सुरुवात केली. कुणी त्यांना का असं विचारलं नाही. दुसरं कुटुंब लांबच्या एका चर्चला जायला लागलं. भाऊ त्यांच्या घरी दोनदा जाऊन आला. त्यांनी चहा दिला, विषय बदलला. डाग कोपरापर्यंत चढले, मग मानेवर एक आला. मलमाचा काही उपयोग होईना म्हणून ताईने ते बंद केलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची मर्जी.

लग्नाच्या आधीच्या गडबडीत एकदा वहिनी पावांची मागणी सांगायला बेकरीत आली होती. ताई आत भट्टीतून ट्रे काढत होती, म्हणून वहिनीच काउंटरवर उभी राहिली. नवीन राहायला आलेली एक बाई पाव घ्यायला आली. आत डोकावून तिने आवाज दबका केला.

"त्या आतल्या बाईंच्या हाताला काय झालंय हो?"

ताई ट्रे हातात धरून थांबली.

"कोड आहे," वहिनी म्हणाली, नेहमीच्या आवाजात. "माझी नणंद आहे ती. लागत नाही ते. किती पाव देऊ?"

बाईने सहा सांगितले.